नगर रस्ता आणि शहरांचे रूळ

नगरच्या स्टँडवरून पुण्याची एस. टी. सुटली, की केडगाव, कामरगाव, सुपे असे करत ती घोडनदी ओलांडून शिरूरला येते. पुढे रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद. इथवर वेळेचा हिशेब बहुधा जुळतो. मग वाघोली येते आणि हिशेब चुकायला लागतो. शंभर किलोमीटर जितक्या वेळात झाले, तितकाच वेळ कधीकधी उरलेल्या वीस किलोमीटरांना लागतो. कंडक्टर खाली उतरून पुढे पाहून येतो, उतारू घरी फोन लावून ‘वाघोलीत आहे, बघू कधी पोचतो ते’ असे सांगतात, आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या निमित्ताने मला हा प्रवास वरचेवर करावा लागतो. अशाच एका खेपेला शेजारी पारनेर तालुक्यातले एक वृद्ध शेतकरी बसले होते. लेकीकडे निघाले होते. पायाशी पिशवीत मुगाची डाळ आणि बाजरी. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून ते मला म्हणाले, “काय हो सर, मागं इथं दोन गाड्या शेजारी जायच्या. आता चार-चार, सहा-सहा जातात. रस्ता एवढा रुंद केला, तरी गाडी का हालत नाही?”

प्रश्न साधा दिसतो, पण जगातल्या मोठमोठ्या शहरांना ह्या प्रश्नाने घाम फोडलेला आहे. त्या वेळी मी त्यांना तुटक-तुटक जे सांगितले, तेच आज जरा विस्ताराने आपणांसमोर मांडतो. खेड्यात राहणाऱ्याला शहरांतल्या मेट्रोशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण पारनेर, अकोले, संगमनेर ह्या भागांत मुंबईला किंवा पुण्याला कोणी नाही असे घर सापडणे कठीण. आपली मुले तिथे रोज दोन-दोन, तीन-तीन तास प्रवासात घालवतात. आणि शहराच्या वेशीवर अडकून पडते ती एस. टी. आपलीच असते.

ह्या रस्त्याला एक मानही आहे. १ जून १९४८ रोजी त्या वेळच्या मुंबई राज्याच्या सरकारी मोटारसेवेची पहिली गाडी धावली, ती पुणे-नगर ह्याच मार्गावर. लाकडी सांगाड्याची गाडी आणि काथ्याने भरलेल्या बैठका. त्याआधी खाजगी मोटारवाले उतारू भरले म्हणजे निघत, वाटेल ते भाडे घेत. ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्याने, कोणालाही बसू देणारी गाडी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. सार्वजनिक वाहतूक म्हणतात ती हीच. गाडी मोटार आहे, आगगाडी आहे की ट्राम आहे, हा पुढचा प्रश्न.

आता त्या बाबांच्या शंकेकडे वळू. रस्ता रुंद केला की गर्दी कमी का होत नाही? अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराचे उदाहरण घ्या. मोटारींचे शहर म्हणूनच ते प्रसिद्ध. तिथल्या एका महामार्गावर डोंगराच्या खिंडीत सतत कोंडी होई. म्हणून सुमारे पाच वर्षे खपून आणि शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्चून तो रस्ता वाढवला. २०१४ साली काम पुरे झाले. गर्दीच्या वेळी त्या रस्त्याने जायला लागणारा वेळ मोजला, तर तो पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच निघाला! कारण असे, की रस्ता मोकळा झाल्याची बातमी लागताच पूर्वी दुसऱ्या वाटेने जाणारे, उशिरा निघणारे किंवा घरीच थांबणारे लोकही मोटारी घेऊन त्याच रस्त्यावर आले.

हे ऐकल्यावर ते बाबा हसून म्हणाले, “म्हणजे आमच्या विहिरीसारखंच की! विहीर खोल केली, पाणी वाढलं, की ज्यानं त्यानं ऊस लावला. चार वर्षांनी पुन्हा पाणी पुरंना.” वाहतुकीवरचे जाड ग्रंथ मी पुष्कळ चाळले आहेत, पण ह्याहून नेमके कुठे वाचल्याचे स्मरत नाही.

तेव्हा प्रश्न पाणी किती, एवढाच नसून पीक कोणते, हाही आहे. रस्त्यावरून वाहने किती गेली हे मोजण्यापेक्षा माणसे किती गेली हे मोजले पाहिजे. दहा-बारा फूट रुंदीचा रस्त्याचा एकच पट्टा घेऊ, म्हणजे एका मोटारीमागे दुसरी जाईल एवढा. सिग्नल, चौक, वळणे धरली, तर शहरात त्यावरून तासाला आठ-नऊशे मोटारी गेल्या तरी पुष्कळ. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा, कारण बहुतेक मोटारींत हाकणारा एकटाच असतो. म्हणजे झाली बाराशे ते साडेतेराशे माणसे. त्याच पट्ट्यावरून मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये पन्नास माणसे असली, तर तासाला तीन हजार माणसे जातात, आणि दोन बसच्या मध्ये रस्ता रिकामाच दिसतो. मोटारवाल्याला तो रिकामा रस्ता पाहून राग येतो. ‘एवढा पट्टा बससाठी राखून ठेवला, आम्ही मात्र अडकलो,’ असे तो म्हणतो. रिकामा दिसणारा पट्टा त्याच्या भरलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक माणसे नेत असतो, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आता रुळांवर या. पुण्याच्या मेट्रोची तीन डब्यांची गाडी दाटीवाटीने नऊशेच्या पुढे माणसे घेते. दर सहा मिनिटांनी गाडी सोडली, तर तासाला दहा गाड्या आणि नऊ हजारांवर माणसे. तीन मिनिटांनी सोडली तर दुप्पट. मुंबईच्या लोकलचा हिशेब तर छाती दडपवणारा आहे. बारा डब्यांची गाडी सकाळी चार-पाच हजार माणसे घेऊन निघते आणि गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांत दुसरी तिच्या मागे येते. म्हणजे रुळांच्या एका जोडीवरून एका दिशेला तासाभरात पाऊण लाख ते एक लाख माणसे. तेवढीच माणसे मोटारींनी न्यायची म्हटली, तर तसे साठ-सत्तर पट्टे शेजारी-शेजारी आखावे लागतील. मुंबईच्या बेटावर एवढी रुंदी आणायची कुठून?

रुळांना हे कसे साधते? डबे एकमेकांना जोडलेले असल्याने दोन वाहनांतले अंतर वाया जात नाही. वाट स्वतःची असल्याने आडवे कोणी येत नाही. आणि लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना घर्षण फार थोडे होते, म्हणून तेवढ्याच ओझ्याला शक्ती कमी लागते. शिक्षकांनी वर्गात हे सांगताना मुलांना विचारावे, की भरलेली बैलगाडी डांबरी रस्त्यावर हलकी का वाटते आणि नांगरलेल्या काळ्या रानात जड का होते. उत्तर मुलेच देतील.

पण नुसते रूळ घालून भागत नाही. गाडी किती वेळाने येते, ह्यावर सगळे अवलंबून आहे. आपल्याकडच्या मुक्कामी गाडीचा अनुभव सर्वांनाच आहे. सकाळी सहाची गेली, की दिवस गेला. जिथे दिवसातून दोनदा गाडी येते, तिथे माणूस गाडीच्या वेळापत्रकावर जगतो. पाच मिनिटांनी गाडी येत असेल, तर वेळापत्रकाची गरजच उरत नाही. माणूस घरातून निघतो, गाडी येतेच. मुंबईचा माणूस ‘८.१२ ची गाडी’ असे मिनिटावर बोलतो खरा, पण ती चुकली तर ८.१६ ची असते, म्हणून तो निर्धास्त असतो.

मुंबईला हे काही एका दिवसात लाभले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे उतारू आणि साहिब, सिंध, सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने. ३ फेब्रुवारी १९२५ पासून बोरीबंदर-कुर्ला ह्या बंदरमार्गावर विजेची गाडी सुरू झाली, आणि १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडे कुलाबा-बोरिवलीलाही वीज आली. आज रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात आणि सत्तर लाखांच्या आसपास माणसे ये-जा करतात. एवढ्या मोठ्या कामाला तिकीट मात्र पाच रुपयांपासून. मुंबईला गेलेला आपला गरीब माणूस तग धरून राहिला आहे, तो ह्या स्वस्त तिकिटाच्या आणि पासाच्या आधारावर.

ह्या आधाराची किंमत दुसऱ्या तऱ्हेने मोजावी लागते, तीही सांगितली पाहिजे. नऊ डब्यांची लोकल बांधली गेली ती सुमारे सतराशे माणसांसाठी, आणि तिच्यात साडेचार हजार माणसे कोंबली जात. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे, असा हिशेब रेल्वेच्याच बोलण्यात येतो. सव्वातीन फुटांचा चौकोन खडूने आखा आणि त्यात चौदा मोठी माणसे कशी मावतील, ह्याचा नुसता विचार करून पाहा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतली काही प्राणाला मुकली. अशी बातमी मोठ्या अक्षरांत छापून येते. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून असे मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडे दर वर्षी दोन हजारांहून अधिक लोक मरतात, त्यांतल्या बहुतेकांची बातमीही होत नाही. आपल्यापैकी काही घरांनी हे दुःख पाहिलेले आहे.

गर्दी नुसती डब्यात नसते. साखर कारखान्यावर ऊस घेऊन गेलेल्यांना हे लवकर कळेल. रस्ता चांगला आहे, बैल धडधाकट आहेत, पण काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. मग मैलभर रांग लागते. रांगेची लांबी रस्ता ठरवत नाही, काटा ठरवतो. मुंबईत एल्फिन्स्टन रोड नावाचे स्थानक होते. त्याला आता प्रभादेवी म्हणतात. आसपास कापडगिरण्यांचा परिसर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. तिथे उतरणारी माणसे कितीतरी वाढली, पण स्थानकाचा पूल आणि जिना जुनाच, अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला म्हणून माणसे पुलावरच थांबली, मागून गाड्यांतली माणसे येतच राहिली, आणि त्या चेंगराचेंगरीत तेवीस जीव गेले. गाड्या वेळेवर होत्या. काटा अरुंद होता.

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. मुंबईला रस्त्यावरचे रूळही होते आणि ते तिने आपल्या हातांनी उखडून टाकले. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. पुढे दुमजली ट्रामही आली. एक आण्यात दादरहून म्युझियमपर्यंत गेल्याच्या आठवणी जुनी माणसे मोठ्या प्रेमाने सांगत. १९४७ साली हा सगळा कारभार महापालिकेच्या हातात आला. पण रस्त्यावर मोटारी वाढल्या. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालणारी, तिला बाजूला होता येत नाही. पुढे मोटार अडकली की ट्राम अडकली, आणि ट्राम अडकली की लोक म्हणत, ही ट्रामच गर्दीचे कारण. बस हवी तिकडे वळवता येते, ट्राम वळवता येत नाही, हेही खरेच होते. अखेर ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला लोकांनी गर्दी केली होती.

हीच गोष्ट सातासमुद्रांपलीकडे एक वर्ष आधी झाली होती. लॉस एंजेलिसला विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या गाड्यांचे हजार मैलांहून अधिक लांबीचे रूळ होते. तेवढे मोठे जाळे जगात क्वचितच कुठे असेल. हेन्री हंटिंग्टन नावाच्या धनिकाने ते उभारले, त्यात हेतू जमिनी विकण्याचा होता. गाडी आली की माळरानाचे प्लॉट होतात, हे आजच्या जमीनविक्याला सांगायला नको! जमिनी विकून झाल्यावर नुसत्या भाड्यात खर्चाची तोंडमिळवणी होईना. मोटारी वाढल्या, गाड्या चौकाचौकांत अडकू लागल्या. लाँग बीचकडे जाणारी गाडी १९६१ साली थांबली आणि रस्त्यावरच्या शेवटच्या ट्रामगाड्या ३१ मार्च १९६३ रोजी बंद झाल्या. काही लोक ह्याचे सारे खापर मोटार आणि टायर कंपन्यांच्या कारस्थानावर फोडतात. त्या कंपन्यांना १९४९ साली न्यायालयाने दोषी धरले होते हे खरे, पण तो दोष बसकंपन्यांना आपलाच माल विकण्याची मक्तेदारी जमवल्याचा होता. ट्रामला स्वतःची राखीव वाट न देण्याचा निर्णय मात्र नागरिकांचाच होता.

आणि मग १९९० साली त्याच शहराने लाँग बीचकडे पुन्हा विजेची गाडी सुरू केली. मार्गाचा बराचसा भाग तोच, जिथून एकोणतीस वर्षांपूर्वी गाडी बंद केली होती! त्यानंतर तिथल्या लोकांनी आणखी एक पाऊल टाकले. नोव्हेंबर २००८ मध्ये त्या जिल्ह्यात मतदान घेतले, की खरेदीवरचा कर दर डॉलरमागे अर्धा सेंट वाढवून ते पैसे रूळ, बस व रस्ते ह्यांना द्यायचे का? दोनतृतीयांश मते लागत होती, तेवढी पडली. २०१६ साली पुन्हा तसेच मतदान झाले आणि पुन्हा लोकांनी आपल्यावर कर बसवून घेतला. मोटारींच्या शहरातले लोक स्वतःच्या खिशातून रुळांना पैसे देतात, हे मला फार बोलके वाटते. न्यूयॉर्कने तर ५ जानेवारी २०२५ पासून शहराच्या गजबजलेल्या भागात मोटार घेऊन येणाऱ्यावर गर्दीच्या वेळी नऊ डॉलरांचा आकार बसवला आणि ते उत्पन्न भुयारी गाड्या व बस ह्यांच्या कामाला लावले.

मुंबईतही तेच घडते आहे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर अशी पहिली मेट्रो सुरू झाली. पूर्वी अंधेरीहून घाटकोपरला बसने जाणे म्हणजे तास-दीड तासाची शिक्षा होती, ते अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर आले. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरांची, जवळजवळ सबंध भुयारी असलेली वाट टप्प्याटप्प्याने खुली होत ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी झाली. तिला सदतीस हजार कोटींच्या वर खर्च आला. म्हणजे किलोमीटरला सुमारे अकराशे कोटी. जपानचे कर्ज काढावे लागले. ज्या शहराने रस्त्यावरचे रूळ भंगारात काढले, त्याला साठ वर्षांनी जमिनीखाली बोगदा खणून रूळ घालावे लागले! ट्राम राहिली असती तर मेट्रो लागलीच नसती, असे मी म्हणणार नाही. ट्रामला एवढी माणसे पेलली नसती. पण रस्त्यावरची जी जागा १९६४ साली फुकट सोडली, ती परत घेताना काय भाव पडला, तो आकडा हा आहे. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहराचेही तेच. तिथे सेकंड ॲव्हेन्यूखालच्या भुयारी गाडीची चर्चा १९२० च्या दशकापासून चाललेली, तिचा पहिला तुकडा १ जानेवारी २०१७ ला सुरू झाला. तीन नवी स्थानके, आणि खर्च साडेचारशे कोटी डॉलर.

सगळेच रूळ उपयोगी पडतात असेही नाही. मुंबईत २०१४ साली चेंबूरकडे मोनोरेल सुरू झाली. एका तुळईवरून चालणारी, दिसायला सुबक. पण माणसांना जायचे एकीकडे आणि ती जाते दुसरीकडे. गाड्या थोड्या, खेपा विरळ. सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी तिची सेवाच थांबवावी लागली. आणि मेट्रोच्या थाटामाटात बसकडे दुर्लक्ष झाले, हे तर मला अधिक लागते. मुंबईच्या बेस्टकडे एके काळी चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ च्या सुमारास त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. मेट्रोच्या जिन्यावरून उतरलेल्या माणसाला घरी जायला बस नसेल आणि रिक्षाला पन्नास रुपये मोजावे लागत असतील, तर तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढतो. पाट बांधला आणि चाऱ्या काढल्याच नाहीत, तर शेताला पाणी कसे मिळायचे? शिवाय कफ परेडच्या त्या मेट्रोचे पूर्ण अंतराचे तिकीट सत्तर रुपये आहे. घरकामाला जाणाऱ्या बाईला ते रोज परवडेल काय?

आता पुन्हा आपल्या नगर रस्त्यावर येऊ. ह्याच रस्त्यावर येरवड्यापासून पुढे २०१६ साली बससाठी राखीव पट्टा सुरू झाला. मधोमध बस, दोन्ही बाजूंना इतर वाहने. चौकांत घोळ झाले, पट्ट्यात खाजगी गाड्या घुसल्या, लोकांनी तक्रारी केल्या, आणि काही वर्षांनी तो पट्टा ठिकठिकाणी उखडून रस्ता सगळ्यांना मोकळा केला. मुंबईच्या ट्रामची गोष्ट इथे, आपल्या वाटेवर, आपल्या देखत पुन्हा झाली. त्याच सुमारास डोक्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि ६ मार्च २०२४ ला ती रामवाडीपर्यंत आली. रामवाडी म्हणजे नगर रस्ताच. तिथून पुढे वाघोलीपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला चांदणी चौकापर्यंत वाट वाढवायला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, खर्च ३,६२६ कोटी. किलोमीटरला सुमारे पावणेतीनशे कोटींच्या वर. खांबांवरची वाट भुयारापेक्षा किती स्वस्त, हे ह्यावरून दिसेल.

हे पैसे कोणाचे, असे विचाराल तर थोडे आपलेही आहेत. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत घर किंवा जमीन घेताना मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रोचा अधिभार एप्रिल २०२२ पासून द्यावा लागतो. नगरचा मुलगा वाघोलीत कर्ज काढून दोन खोल्या घेतो, तेव्हा चाळीस लाखांच्या व्यवहारावर त्याने चाळीस हजार रुपये मेट्रोला दिलेले असतात. तेव्हा मेट्रो आपल्या कामाची होते की नाही, हे विचारायचा त्याला आणि त्याच्या आईबापांना पुरेपूर हक्क आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. रस्त्याकाठच्या शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांना सुरक्षित अंतरावर, शाळेच्या कुंपणाच्या आत, अर्धा तास बसवा. एकाने मोटारी मोजाव्या, दुसऱ्याने मोटारसायकली, तिसऱ्याने एस. टी. आणि इतर बसगाड्या, चौथ्याने ट्रक. मोटारीत दीड, मोटारसायकलवर दीड, बसमध्ये चाळीस अशी माणसे धरून बेरीज करावी. मग प्रत्येक वाहनाने रस्त्याची किती लांबी अडवली तेही मांडावे. मोटारीला पंधरा फूट, बसला पस्तीस. गणिताचा एक चांगला तास होईल, आणि सुपे-शिरूरच्या मुलांना हा हिशेब पुढे कुठल्या तरी ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत उपयोगी पडेल.

त्या दिवशी आमची गाडी कशीबशी खराडीला पोचली. बाबांच्या लेकीचे घर कोथरूडला. मी त्यांना म्हटले, “बाबा, शिवाजीनगरपर्यंत कशाला जाता? रामवाडीला उतरा, वर मेट्रो आहे, ती सरळ वनाजला जाते. कोथरूड तिथंच.” ते उतरले. मीही उतरलो, कारण पिशवी जड होती. थांब्यापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत पदपथ कुठे होता, कुठे नव्हता. मधे रस्ता ओलांडायचा होता, आणि तो ओलांडायला आम्हांला बराच वेळ थांबावे लागले. आत गेल्यावर मात्र सरकता जिना, थंडगार डबा, बसायला जागा. बाबा खिडकीतून खालची कोंडी पाहत राहिले.

मेट्रोचे स्थानक बांधायचे म्हणून शिवाजीनगरचा एस. टी. स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला, हे नगरकरांच्या चांगले ध्यानात आहे. वाघोलीची वाट आता आखली जाते आहे. तिथे आपली एस. टी. नेमकी कुठे थांबणार आणि तिथून मेट्रोचा जिना किती पावलांवर असणार, हे नगरच्या लोकांनी खांब उभे राहण्याआधी विचारायला हवे.